टोमॅटोंच्या मागची अंबाडी

माझ्या सासूबाईंनी आयुष्यात एकदाच नशा केली, आणि तीही ज्वारीच्या भाकरीबरोबर, वरून कच्चं तेल घेऊन. त्या जेवणाला मी आणि माझा नवराही होतो. तिघांनी पोटभर खाल्लं, पुन्हा वाढून घेतलं, आणि आपण काय खाल्लं ते कळायला अडीच आठवडे गेले. ही हकीकत मी ज्यांना सांगते त्यांना ती थाप वाटते. म्हणून एकदा नीट, पहिल्यापासून सांगते.

आम्ही तेव्हा वोल्फ्सबुर्गला राहत होतो. दोन हजारचं दशक निम्मं सरलं होतं. मी मोटारींच्या गिअरबॉक्सवर काम करायची, नवरा त्याच कारखान्याच्या आयटी विभागात होता. आमच्या विभागात त्या काळात हायब्रिड या शब्दाने उच्छाद मांडला होता. पेट्रोलचं इंजिन आणि विजेची मोटर एकाच गाडीत, कोणी कधी आणि किती ओढायचं यावर सकाळपासून बैठका. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा कानात तोच शब्द वाजत असायचा. पुढे जे झालं त्यात या शब्दाचा मोठा हात आहे.

सासूबाई अकोल्याच्या. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेल्या, आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. सासरे जाऊन दोनेक वर्षं झाली होती. जूनअखेर त्या तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या, त्या ज्वारीच्या कण्या, तूरडाळ, मुगवड्या आणि लाल तिखटाची भलीमोठी पिशवी घेऊनच. आल्या दिवशी बाल्कनीत उभं राहून त्यांनी खाली रस्त्याकडे बघितलं.

"आज बंद आहे का इथं?"

"नाही आई, रोज असंच असतं."

"मग लोकं कुठं आहेत?"

लोक घरात होते, नाहीतर गाडीत. कारखान्याची शिफ्ट सुटली की गाड्यांची रांग लागायची आणि ती रांग संपली की चिटपाखरू दिसायचं नाही. अकोल्याला त्यांच्या ओट्यावरून दिवसभरात निम्मं गाव जायचं. इथे त्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसायच्या आणि समोरच्या इमारतीतलं मांजर बघायच्या.

पहिला महिना आम्ही तिघंही एकमेकांशी फार चांगलं वागलो. इतकं चांगलं की दमायला व्हायचं. मी पुण्याची. आमटीत गुळाचा खडा पडल्याशिवाय मला ती आमटी वाटत नाही. सासूबाई ती मुकाट्याने खायच्या आणि "छान आहे" म्हणायच्या. त्यांनी केलेल्या भाजीवर लाल तर्री तरंगायची. मी ती डोळे पुसत, उचक्या देत खायची आणि "मस्त झालीय" म्हणायची. मी कामावर गेले की त्या माझे मसाल्याचे डबे त्यांच्या सोयीने लावायच्या, रात्री मी ते गुपचूप माझ्या सोयीने लावून ठेवायची. यावर कोणी चकार शब्द काढत नव्हतं. नवरा तर खुशीत होता. त्याने मला सांगून ठेवलं होतं की आईला तुझी आमटी अतिशय आवडते, आणि तिकडे आईला सांगितलं होतं की हिला तुझ्या हातचं तिखट म्हणजे जीव की प्राण.

अशात खालच्या मजल्यावरच्या आजोबांशी सासूबाईंची ओळख झाली. हे आजोबा कारखान्याच्या प्रेस शॉपमधून, म्हणजे गाड्यांचे पत्रे ठोकून घडवतात त्या विभागातून, निवृत्त झालेले, विधुर, उंच, पाठीतून किंचित वाकलेले. कालव्यापलीकडे त्यांचं श्रेबरगार्टन होतं. जर्मनीत फ्लॅटमध्ये राहणारे लोक गावाबाहेर बागेचा असा तुकडा भाड्याने घेतात, त्यात एक खोपटं, एखादं काचघर, भाजीचे वाफे, आणि कुंपण किती उंच असावं याचे नियम. आजोबांनी एकदा जिन्यात सासूबाईंना सॅलडचा मोठा गड्डा दिला. सासूबाईंनी तो फिरवून फिरवून पाहिला, संध्याकाळी त्याची पीठ पेरून भाजी केली आणि वाटीभर खाली पाठवली. दुसऱ्या दिवशी वाटी परत आली ती काकड्यांनी भरून.

मग त्या रोज बागेत जायला लागल्या. आजोबा जर्मन बोलायचे, सासूबाई वऱ्हाडी. दोघांचं व्यवस्थित चालायचं, कारण बोलणं समोरच्या भाजीबद्दलच असायचं. आम्ही सासूबाईंना आई म्हणतो हे ऐकून आजोबा त्यांना 'फ्राऊ आई', म्हणजे आईबाई, म्हणायला लागले. सासूबाई त्यांना 'भाऊ' म्हणायच्या. सासूबाईंचा चेहरा उजळला, बाल्कनीतली खुर्ची रिकामी राहायला लागली, आणि मी मनातल्या मनात आजोबांचे आभार मानले.

ऑगस्टमध्ये आजोबांना पाठीसाठी कुरला जायचं होतं. कुर म्हणजे डॉक्टरांनी लिहून दिलेला तीन आठवड्यांचा मुक्काम, गरम पाण्याचे तलाव, मसाज, मिठाच्या गुहा वगैरे. निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी मला जिन्यात गाठलं. मी दिवसभराची हायब्रिडची बैठक संपवून आले होते, डोकं बधिर झालं होतं.

"तर मग," ते किल्ली पुढे करत म्हणाले, "काचघरात रोज पाणी. टोमॅटो, घेवडा, काकडी, जे येईल ते घ्या. सगळं घ्या, नाहीतर कुजून जाईल."

"नक्की," मी म्हटलं.

ते जवळ सरकले आणि आवाज खाली आणला. "टोमॅटोंच्या मागे, कोपऱ्यात, माझं हायब्रिड आहे."

"हायब्रिड," मी म्हटलं. "हो का."

"निम्मं निम्मं. एकदम संतुलित. फार कडक नाही, अगदीच फिकं नाही. मध्यम. माझ्या पाठीसाठी ठेवलंय."

मला वाटलं निवृत्त कामगार आमच्या विभागाची थट्टा करतोय. कारखान्यातल्या जुन्या लोकांना आमची हायब्रिड गाडी म्हणजे मोठा विनोद वाटायचा. टोमॅटोचंच काहीतरी कलम असेल, पाठीला त्याचा लेप लावत असतील, असं मी धरून चालले.

"गेनाऊ, गेनाऊ," अगदी बरोबर, अशा अर्थी मी म्हटलं. "संतुलन महत्त्वाचंच."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "तुम्हाला यात काही गैर वाटत नाही?"

"छे! गैर काय? आमच्याकडे घरोघरी हायब्रिड असतं."

आजोबांनी माझा हात दोन्ही हातांत धरून हलवला. भारतीय लोक या बाबतीत समजूतदार असतात असं त्यांनी ऐकलं होतं म्हणे. मी तो शेतीविषयीचा अभिप्राय समजून स्वीकारला. आजही माझं मत आहे की त्या संभाषणात माझ्याकडून काहीही चुकलं नाही. विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला मी बरोबर उत्तर दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि सासूबाई काचघरात गेलो. पाण्याची झारी त्यांच्या हातात, मागे मी. टोमॅटोच्या रांगेमागे कमरेच्या वर गेलेली तीन झुडपं उभी होती, हिरवीगार, हाताच्या बोटांसारखी पसरलेली, कडेला करवतीचे दाते असलेली पानं. सासूबाईंनी झारी खाली ठेवली. चष्मा नाकावर चढवला.

"अगं मायबाई," त्या म्हणाल्या. "अंबाडी!"

"अंबाडी? इथे?"

"अंबाडीच आहे. पाहून राहिली ना तू, पान कसं आहे ते? महिना झाला मी रोज येऊन राहिले अन् भाऊंनी दाखवली नाही."

ज्यांनी अंबाडीचं पान पाहिलंय त्यांना हे पटेल. दोन्ही पानं लांबून मावसबहिणी वाटतात. मी पुण्याची, अंबाडी माझ्या माहितीत लग्नानंतर आलेली, आणि तीही शिजलेली. गांजाचं पान मी हानोव्हर स्टेशनबाहेरच्या पोरांच्या टी-शर्टवर कित्येकदा पाहिलं होतं. पण टी-शर्टवरचं पान आणि सासूबाईंच्या हातातलं पान यांची सांगड डोकं घालत नाही. निदान माझ्या डोक्याने घातली नाही.

"वास जरा उग्र आहे," सासूबाई पान चुरगाळून म्हणाल्या. "खताचा असंल. अन् चिकट लागून राहिलं, भेंडीसारखं."

"घ्यायची का मग? ते म्हणाले होते सगळं घ्या."

"शेंडे खुडायचे. शेंडे खुडले की झाड फोफावते. त्यांचाच फायदा."

आणि त्यांनी हातखंडा सफाईने तिन्ही झुडपांचे कोवळे शेंडे, तुरेबिरे आलेले, भराभर खुडले आणि ओच्यात भरले. घरी येताना त्या जवळजवळ गुणगुणत होत्या.

शनिवारी दुपारी भाजी झाली. आधी पाला उकडून, पिळून पाणी टाकून दिलं, मग तूरडाळ, ज्वारीच्या कण्या आणि शेंगदाणे घालून मंद आचेवर ठेवलं. वरून लसणाची चरचरीत फोडणी. सासूबाईंनी चमच्याने चाखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"आंबट नाही."

"नाही?"

"अजिबात नाही. अंबाडी अन् आंबट नाही! काय माती आहे यांची." मग त्यांनी बागेतली कच्ची सफरचंदं किसून घातली, लिंबू पिळलं, तेल आणखी सोडलं आणि अर्धा तास पुन्हा शिजवलं. भाकऱ्या झाल्या. आम्ही जेवायला बसलो. भाजी कडसर होती, लसणामुळे खपून गेली. नवऱ्याला बऱ्याच वर्षांनी अंबाडी मिळाली होती, त्यामुळे त्याने टीका न करता ती तीनदा वाढून घेतली.

जेवणानंतर मी सासूबाईंना खरेदीला न्यायचं ठरलं होतं. तासाभराने मी गाडीची किल्ली शोधायला उठले, ती माझ्याच हातात होती, आणि मला एकदम वाटलं की खरेदी ही घाईने करायची गोष्ट नाही.

"आई, उद्या गेलं तर चालेल?"

"उद्या रविवार. दुकानं बंद." त्या शांतपणे म्हणाल्या. "पण चालंल."

आम्ही तिघं बाल्कनीत जाऊन बसलो. ऊन छान होतं. माझं काम ऍक्सिलरेटर दाबल्यावर गाडीने किती वेळात ओढ घ्यावी हे ठरवण्याचं, त्यामुळे माझ्या लक्षात आलं की मी काहीतरी बोलायचं ठरवते आणि ते तोंडातून यायला थोडा वेळ लागतो. पण जे येत होतं ते सुरळीत येत होतं, हिसका नव्हता. डोकं हलकं होतं, अंग जड होतं, आणि दोन्हींचं एकमेकांशी भांडण नव्हतं. नवरा कठड्याकडे बघून गंभीरपणे सांगत होता की आपला चमच्यांचा खण चुकीचा लावलाय, काटे डावीकडे हवेत. तो हे बराच वेळ सांगत होता. आम्ही दोघी लक्ष देऊन ऐकत होतो.

मग सासूबाई म्हणाल्या, "तुझ्या आमटीत गूळ असते."

"हो आई."

"वरणात गूळ असते. भेंडीत गूळ असते. परवा तू कोबीत गूळ घातला. मी महिनाभर रोज गोड खाऊन राहिले."

एरवी हे मी महिनाभर मनात धरून ठेवलं असतं. त्या दुपारी मला ते अत्यंत योग्य निरीक्षण वाटलं. "मला तुमचं तिखट झेपत नाही," मी म्हटलं. "माझ्या डोळ्यांतून पाणी येतं. आणि तुम्ही माझे डबे हलवता त्याचा मला राग येतो."

"हळदीचा डबा वरच्या फळीवर कोणी ठेवते का?"

"मी ठेवते."

"मग बोलली काहून नाही?"

"तुम्ही काहून नाही बोललात?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं, आणि आम्हा दोघींना इतकं हसू आलं की समोरचं मांजर उठून गेलं.

हसता हसता त्या थांबल्या आणि मुलाकडे वळल्या. "हा म्हणे, हिला तुझं तिखट लई आवडते."

"मला म्हणे, आईला तुझी आमटी फार आवडते."

नवऱ्याने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. घाबरला नाही, हे विशेष. एरवी तो आईसमोर 'हो आई' आणि 'नाही आई' यापलीकडे जात नाही. "मी दोघींनाही खोटं सांगितलं," तो म्हणाला. "मला वाटलं तीन महिनेच काढायचेत."

"काढायचेत?" सासूबाई म्हणाल्या. पण रागाने नाही. मग त्यांनी आमच्यापैकी कोणी महिनाभर उच्चारलं नव्हतं ते सरळ सांगून टाकलं. "मला इथं कंटाळा येते. तुम्ही दोघं मला पाहुण्यासारखं वागवून राहिले. मी सकाळी उठते तर चहा हातात. मला काम सांगा. माझ्यावर ओरडा. घरात कोणी ओरडलं नाही तर मला वाटते मी दवाखान्यात आहे."

नवऱ्याचे डोळे भरून आले. त्याने आईचा हात धरला आणि सांगितलं की बाबा गेल्यापासून तिच्याशी काय बोलावं तेच त्याला सुचत नाही, म्हणून तो चांगलं वागतो. सासूबाई म्हणाल्या, "बाबांबद्दल बोल ना मग." आणि ते दोघं बाबांबद्दल बोलले. सासऱ्यांना स्कूटर स्टँडवर लावता यायची नाही, ती ते कायम कोणाच्या तरी भिंतीला टेकवून ठेवायचे, हे मला त्या दुपारी पहिल्यांदा कळलं. रडणं आणि हसणं दोन्ही झालं, दोन्ही बेताने.

मग आम्हाला भूक लागली. साधी नाही, वखवख. आणि घरात तयार काय होतं? अंबाडीची भाजी. आम्ही कढई बाल्कनीतच आणली, उरलेल्या भाकऱ्या चुरून तिघांनी मिळून ती चाटूनपुसून संपवली. दुसऱ्यांदा ती चवीलाही बरी लागली. ऊन कलायच्या आत आम्ही आपापल्या जागी आडवे झालो, ते थेट रविवारी सकाळी उठलो, तिघंही टवटवीत.

"अंबाडी पित्तावर चांगली असते," सासूबाई चहा घेताना म्हणाल्या. त्या दिवशी चहा त्यांनी केला होता. हळदीचा डबा त्यांनी माझ्यादेखत खालच्या फळीवर आणला, मी त्यांच्यादेखत तो वर ठेवला, आणि आमचं पहिलं खणखणीत भांडण झालं. फार बरं वाटलं.

भाजी एवढी गुणकारी निघाल्यावर सासूबाई स्वस्थ बसणाऱ्या नव्हत्या. दोनेक आठवड्यांनी त्यांनी झुडपांचा उरलेला पालाही आणला आणि वाळवून अकोल्याला न्यायचा बेत केला. बाल्कनीत जर्मन वर्तमानपत्रं पसरून त्यांवर पानं नीट उलगडून मांडली, वाऱ्याने उडू नयेत म्हणून कोपऱ्यांवर कांदे ठेवले. बाल्कनी रस्त्याच्या बाजूला होती.

आजोबा कुरहून परतले ते शनिवारी दुपारी. सामान खाली टाकून आधी बागेत गेले असावेत, कारण दारात आले तेव्हा बुटांना माती होती आणि चेहरा पांढराफटक.

"काचघरात चोर शिरला," ते कुजबुजले. "टोमॅटोला हात लावलेला नाही. फक्त माझं हायब्रिड. बुंधे राहिलेत नुसते. आणि मी पोलिसांकडेही जाऊ शकत नाही."

"चोर नाही हो," मी त्यांना धीर देत म्हटलं. "आम्ही खाल्लं ते."

"खाल्लं?"

"हो. लसूण घालून."

आजोबा दाराच्या चौकटीला टेकले. "सगळं?"

"नाही, उरलेलं वाळत घातलंय. या ना, दाखवते." मी त्यांना मोठ्या अभिमानाने बाल्कनीत नेलं. त्यांनी पसरलेली वर्तमानपत्रं पाहिली, खालचा रस्ता पाहिला, आणि पाठदुखीची पर्वा न करता कठड्याआड उकिडवे बसले. मलाही हात धरून खाली ओढलं. तिथे, कांद्यांच्या शेजारी, त्यांनी मला तो शब्द सांगितला. जर्मनमध्ये एकदा आणि मी नुसतीच बघत राहिले म्हणून कॅनाबिस असा दुसऱ्यांदा.

मग माझ्या डोक्यात जिन्यातलं संभाषण पहिल्या वाक्यापासून पुन्हा सुरू झालं.

आजोबांना मात्र आता झाडाची बाजू मांडणं भाग वाटत होतं. ते दबक्या आवाजात समजावत होते की यात दोन जातींचा संकर आहे. एक जात डोकं वर उचलते, दुसरी अंग खाली ठेवते, आणि यात दोन्ही अर्ध्याला अर्ध्या. हॉलंडमध्ये ज्याने बी दिलं त्याने शब्द दिला होता की याने कोणी वेडा होत नाही, कोणी उडत नाही, पाठ मोकळी होते आणि माणूस आहे तसाच राहतो, जरासा बरा. "मी संध्याकाळी दोन झुरके घेतो," ते म्हणाले. "तुम्ही किती खाल्लं?"

मी हाताने कढईचं माप दाखवलं. त्यांनी डोळे मिटले.

"काय झालं तुम्हाला?"

"आम्ही गुळावर चर्चा केली," मी म्हटलं.

इतक्यात सासूबाई पिठाच्या हाताने बाहेर आल्या. "भाऊ! आले का? असे खाली काहून बसले? पाठ दुखून राहिली का?"

हे त्यांना कसं सांगायचं याचा मी क्षणभर विचार केला आणि मग सरळच सांगितलं. त्या भाजीच्या शनिवारनंतर आमचं तसंच चाललं होतं. "आई, ती अंबाडी नव्हती. ती भांग होती. गांजाचं झाड."

सासूबाईंनी पानांकडे पाहिलं. आजोबांकडे पाहिलं. मला वाटलं आता त्या पदर डोळ्याला लावतील, नाहीतर देवापुढे जाऊन बसतील.

"अन् हे हायब्रिड हायब्रिड काय म्हणून राहिले मघापासून?"

"ती हायब्रिड भांग आहे आई. दोन जातींची मिसळ. मध्यम."

"हायब्रिड आहे होय!" त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "तरीच म्हटलं चव नाही. हायब्रिड ज्वारीची भाकर पाहा, हायब्रिड टमाटे पाहा, सगळं फोपसं. सांग त्यांना, लावायचं तर गावरान लावा म्हणा."

मी त्याचं भाषांतर केलं नाही.

भांगेचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. होळीला अकोल्यात लोक काय पितात ते त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. त्यांना लागलं ते हे की आपण अंबाडी ओळखायला चुकलो. पुढचे दोन दिवस त्या मधूनच "देठाला काटे नव्हते, तेव्हाच कळायला पाहिजे होतं" असं स्वतःशी म्हणायच्या.

घाबरला तो नवरा. तो ब्रेड घेऊन आला आणि सगळं ऐकून खुर्चीत बसला. त्याच्या डोळ्यांसमोर परदेशी नागरिकांच्या कचेरीतली ती कोरड्या चेहऱ्याची बाई उभी राहिली, आमच्या राहण्याच्या परवान्यावर शिक्के मारणारी. "जाळून टाकू," तो उठत म्हणाला. "आत्ताच्या आत्ता बाल्कनीत जाळून टाकू."

"नाही!" मी आणि आजोबा एकदमच ओरडलो.

कचऱ्यात टाकायची सोय नव्हती. आमच्या इमारतीत ओल्या कचऱ्याच्या डब्यात कोणी काय टाकलं हे बघणारे दोघेतिघे हौशी रहिवासी होते. शेवटी सासूबाईंनी ताबा घेतला. त्यांनी चारी वर्तमानपत्रं गोळा केली, सगळा पाला उशीच्या अभ्र्यात भरला, गाठ मारली आणि अभ्रा आजोबांच्या खरेदीच्या ढकलगाडीत ठेवून वर चार कांदे पसरले. आजोबा ती गाडी घेऊन बागेकडे गेले. संध्याकाळी त्यांनी सांगितलं की पाला खतात पुरला आणि बुंधे उपटले. मी जास्त विचारलं नाही. अभ्रा मात्र धुऊन, इस्त्री करून परत आला.

त्याआधी, आजोबा निघताना, सासूबाईंनी त्यांना दारात थांबवून विचारलं होतं, मी मध्ये उभी राहून दोन्हीकडचं सांगत होते. पाठ एवढी दुखते तर डॉक्टरांना का सांगत नाही? आजोबा म्हणाले, सांगितलंय, गोळ्या दिल्यात, त्यांनी पोट जळतं. आणि फक्त पाठीसाठी नाही. बायको गेल्यापासून सात वाजले की घरात फार शांत होतं, तो वेळ जात नाही.

"मलापण," सासूबाई म्हणाल्या. याचं मला भाषांतर करावं लागलं नाही.

मग उरलेला महिनाभर आजोबा सात वाजता वर यायचे. सासूबाई ओवा आणि लसूण घालून कडवलेलं तेल वाटीत काढून ठेवायच्या, नवरा ते त्यांच्या पाठीला चोळायचा, आणि नंतर चौघांचं जेवण व्हायचं. कधी तिखट, कधी गोड, स्वयंपाक कोणाचा त्यावर. आजोबांना गुळाची आमटी आवडायची, याचा सासूबाईंनी शेवटपर्यंत राग धरला. पाठ किती बरी झाली ते मला ठाऊक नाही. ते सरळ चालायला लागले असं काही घडलं नाही. पण जिन्यात त्यांचं शिट्टी वाजवणं ऐकू यायचं.

सप्टेंबरअखेर सासूबाई परत गेल्या. त्या हिवाळ्यात एका रविवारी त्यांचा फोन आला. नवऱ्याने उचलला, तर म्हणाल्या, तिला दे.

"पुढच्या उन्हाळ्यात मी येणार नाही," त्या म्हणाल्या. "तुमचं गाव मला नाही आवडलं. सरळ सांगून राहिले."

"बरं," मी म्हटलं. "आणि आम्ही पुढच्या दिवाळीला आलो तर आठच दिवस राहू. त्याहून जास्त मला तुमच्याकडचं ऊन सोसत नाही."

"दहा."

"नऊ."

"ठीक आहे, नऊ," त्या म्हणाल्या, आणि मग शेजारणीच्या सुनेबद्दल इतकं रंगवून सांगायला लागल्या की मी फोन खांद्याला धरून उभ्या उभ्या सगळी भांडी घासून टाकली.